तुम्ही विचारलंत म्हणून: एकही सिनेमा न बघता मी नाराज का?

"एकही सिनेमा अजून लागलेला नाही. तुम्ही एकही बघितलेला नाही. मग दिवाळीत येणाऱ्या मराठी सिनेमांची यादी हातात येताच नाराज कशा काय होता?"

हा प्रश्न उन्हाळ्यात येतो, गणपतीनंतर येतो, दिवाळीच्या तोंडावर तर हटकून येतो. विचारणाऱ्यांचा सूर बहुतेक वेळा एकच असतो: मराठी माणूसच मराठी सिनेमाला नावं ठेवतो. दर वेळी मी तुटक उत्तर देते आणि विषय बदलते. आता दसरा होऊन गेला, दिवाळी दोन-अडीच आठवड्यांवर आली आणि तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

मी सिनेमांवर नाराज नाही. न बघितलेल्या सिनेमाला वाईट म्हणणं हा अडाणीपणा आहे आणि तो मी केलेला नाही. माझी नाराजी तारखांवर आहे. यादी वाचताना तुम्हाला नाव दिसतं, कलाकार दिसतात. मला दिसतं ते इतकंच, की त्या तारखेला या सिनेमाच्या वाट्याला किती खेळ येणार, ते किती वाजताचे असणार आणि सोमवारी त्यातले किती उरणार. हे आधीच कळत असताना सिनेमा चांगला निघाला, की जास्त वाईट वाटतं.

यंदाचंच, म्हणजे २०२५चं बघा. २ ऑक्टोबरला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आली. त्या गुरुवारी 'वडापाव' लागला, समोर 'कांतारा'चा नवा भाग आणि 'सनी संस्कारी की तुलसी कुमारी'. २१ ऑक्टोबरला, ऐन लक्ष्मीपूजनाला, 'प्रेमाची गोष्ट २' येतोय, समोर 'थामा' आणि 'एक दीवाने की दीवानियत'. ३१ ऑक्टोबरला 'पुन्हा शिवाजीराजे भोसले', आणि त्याच शुक्रवारी 'बाहुबली'चे दोन्ही भाग जोडून पुन्हा पडद्यावर. दिवाळीच्या चार दिवसांत, जेव्हा घरी पाहुणे असतात, पोरांना सुट्टी असते आणि सगळ्यांना मिळून कुठेतरी जायचं असतं, तेव्हा ज्याचं नाव लोकांच्या तोंडी आहे असा मराठी सिनेमा एकच. आणि दिवाळीच्या सव्वा महिना आधी, १२ सप्टेंबरला, एकाच शुक्रवारी तीन: 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट'. १ मे रोजी दोन: 'आता थांबायचं नाय' आणि 'गुलकंद'.

वर्षाला ५२ शुक्रवार असतात. त्यातले फेब्रुवारी-मार्चचे दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे नको. मार्चच्या शेवटापासून मे संपेपर्यंत रोज संध्याकाळी साडेसातला आयपीएल, म्हणून बिचकत बिचकत. जूनमध्ये वह्या-पुस्तकं, गणवेश आणि फीचे हप्ते. श्रावणात सणवार, भाद्रपदात गणपती, तेव्हा घरातलं कुणी उठून थिएटरला जात नाही. मग पितृपक्ष, तो अशुभ. दिवाळीआधीचा पंधरवडा फराळ आणि खरेदीचा. असं वजा करत गेलं की हातात दहा-बारा शुक्रवार उरतात, आणि सगळे निर्माते त्याच दहा-बारांवर येऊन पडतात. निराशेचं मूळ इथे आहे, सिनेमांच्या दर्जात नाही.

आता एका शुक्रवारी तीन मराठी सिनेमे आले तर नेमकं काय बिघडतं, ते कागदावर मांडते. चार पडद्यांचं मल्टिप्लेक्स घ्या. सिनेमा सव्वादोन ते अडीच तासांचा, त्यात मध्यंतर, सुरुवातीच्या जाहिराती आणि ट्रेलर, शेवटी झाडलोट. एका खेळाला साधारण तीन तास लागतात. सकाळी साडेनऊ-दहाला पहिला आणि रात्री साडेदहाच्या आसपास शेवटचा धरला तर एका पडद्यावर पाच खेळ बसतात. चार पडद्यांचे वीस. त्यातले आठ मोठ्या हिंदीला, चार दुसऱ्या हिंदीला, तीन हिंदीत डब झालेल्या दाक्षिणात्य सिनेमाला आणि दोन इंग्रजीला गेले असं समजा. उरले तीन. मराठी सिनेमा एकटा असेल तर त्याला सकाळ, दुपार आणि संध्याकाळ असे तीन खेळ मिळू शकतात. मग ज्याला सकाळी जमत नाही तो संध्याकाळी येतो. तीन सिनेमे असतील तर प्रत्येकाला एक. कुणाचा सकाळी १०.१५, कुणाचा दुपारी १.४०, कुणाचा रात्री १०.५०. ज्याच्या वाट्याला संध्याकाळ आली तो सुटला. बाकीच्या दोघांचा निकाल त्याच क्षणी अर्धा लागलेला असतो, आणि तो लावताना त्यांचा सिनेमा कुणी बघितलेलाही नसतो. मग मी न बघता नाराज होते त्याचंच एवढं आश्चर्य का?

३१ ऑक्टोबरला यात आणखी एक गोष्ट आहे. दोन भाग जोडलेला सिनेमा लांब असणार, आणि लांब सिनेमा ज्या पडद्यावर लागतो तिथे दिवसाला पाच खेळ बसत नाहीत, तीन किंवा चारच बसतात. वीसचे अठरा होतात. कमी झालेले दोन कुणाच्या वाट्यातून जातात हे सांगायला नको.

या सगळ्याचा सर्वात बोचणारा दाखला यंदाच्या जुलैमधला आहे. मी त्यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण 'मराठी प्रेक्षकच येत नाही' हे वाक्य तेव्हा फार सहज बोललं गेलं.

१८ जुलैच्या शुक्रवारी 'ये रे ये रे पैसा ३' लागला आणि त्याच दिवशी हिंदी 'सैयारा'. पहिल्याच आठवड्यात मराठी सिनेमाचे खेळ कापले गेले. मनसेनं मल्टिप्लेक्सवाल्यांना इशारा दिला, वाहिन्यांवर दोन दिवस वाद झाला आणि मग सगळं शांत झालं. वादात बोलली गेली ती दोनच वाक्यं: 'मराठीवर अन्याय' आणि 'गर्दी नाही तर खेळ कशाला'. खेळ कापला कसा जातो, हे त्या दोन दिवसांत कुणी नीट उलगडून सांगितलं नाही. ते मी सांगते. आकडे समजण्यापुरते घेते, पद्धत मात्र दर आठवड्याची हीच आहे.

शुक्रवारच्या सिनेमाचं बुकिंग सोमवारी-मंगळवारी चालतं. वितरक आणि मल्टिप्लेक्सच्या प्रोग्रामिंगची, म्हणजे खेळांचं वेळापत्रक ठरवणारी, माणसं फोनवर खेळ मागतात, देतात, नाकारतात. मोठा हिंदी वितरक इथे आपली अट घालतो: इतके खेळ, अमुक ऑडी (म्हणजे मल्टिप्लेक्समधला एक पडदा), तमुक वेळा. बहुतेक मराठी वितरकांची अट घालण्याइतकी ताकद नसते, कारण पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे दुसरा सिनेमा असेलच याची खात्री नसते, आणि मोठ्या हिंदी वितरकाकडे तो असतोच. बुधवारी-गुरुवारी वेळापत्रक पक्कं होतं. मोठ्या सिनेमाचं ॲडव्हान्स बुकिंग त्याआधीच उघडलेलं असतं. मराठीचं पुष्कळदा गुरुवारी दुपारी, कधी रात्री उघडतं. म्हणजे ज्या तरुण प्रेक्षकाला ॲपवर आगाऊ तिकीट काढायची सवय आहे, त्यानं तोपर्यंत दुसरं काहीतरी काढलेलं असतं.

शुक्रवारी सकाळी १०.१५ला अडीचशे खुर्च्यांच्या ऑडीत मराठीचा पहिला खेळ लागतो. कामाचा दिवस आहे, पावसाळा आहे, शाळा सुरू आहे. वीस माणसं येतात. वीस भागिले अडीचशे म्हणजे ८ टक्के. दुपारच्या खेळाला तीस, म्हणजे १२ टक्के. शेजारच्या ऑडीत हिंदी सिनेमा संध्याकाळी ७० टक्के, रात्री ९० टक्के भरतो. शुक्रवारी रात्री हे आकडे एकाखाली एक मांडले जातात आणि शनिवारचं वेळापत्रक पुन्हा हलतं. हिंदीला दोन खेळ वाढवून द्यायचे असतात आणि दिवसाचे तास काही वाढत नाहीत. ८ टक्क्यांचा खेळ जातो.

८ टक्के आणि ९० टक्के यांची तुलनाच चुकीची आहे, हे कुणी विचारात घेत नाही. एक खेळ कामाच्या दिवशी सकाळचा, दुसरा सुट्टीच्या आदल्या रात्रीचा. सकाळची तुलना सकाळशी करा. त्याच हिंदी सिनेमाचा सकाळी १०चा खेळ शुक्रवारी किती भरला होता ते बघा, आणि मग ठरवा. असं झाल्याचं क्वचितच दिसतं, कारण सकाळच्या हिंदी खेळाचा तोटा रात्रीच्या हिंदी खेळात भरून निघतो. मराठीला रात्र मिळालेलीच नसते.

दुसरी गोष्ट प्रेक्षकाची. मराठी कौटुंबिक सिनेमाचा प्रेक्षक शुक्रवारी ठरवत नाही. शनिवारी सकाळी वहिनीचा फोन येतो, "अगं, बघितलास का? चांगला आहे म्हणे." मग सासूबाईंना गुडघेदुखीमुळे जिने नको, लहानग्याची झोपेची वेळ, असं सगळं जमवून पाच-सहा जण रविवारी दुपारी किंवा संध्याकाळी निघतात. त्यातल्या पुष्कळांची तिकिटं खिडकीवर काढायची असतात. हा प्रेक्षक खरा आहे, तो येतो, पण अठ्ठेचाळीस तास उशिरा येतो. तोवर ऑडी दोनमधला अडीचशे खुर्च्यांचा खेळ ऑडी चारमध्ये नव्वद खुर्च्यांवर गेलेला असतो किंवा गळलेला असतो. खेळ नाही म्हणून परत गेलेली सहा माणसं कुठल्याच रिपोर्टात दिसत नाहीत. कलेक्शनच्या तक्त्यात विकलेलं तिकीट असतं, न मिळालेलं तिकीट नसतं. सोमवारच्या बैठकीत त्या तक्त्यावर बोट ठेवून कुणी म्हणतं, 'मराठी प्रेक्षक येत नाही', आणि ते वाक्य तक्त्यापुरतं खरंही असतं.

सोमवारी उरलेल्या खेळांच्या वेळा बदलतात. काल ४.३०ला होता तो आज १२.०५ला. ज्यानं रविवारी रात्री ठरवलं की बुधवारी ४.३०च्या खेळाला जाऊ, तो बुधवारी जातो आणि त्याला दुसराच सिनेमा लागलेला दिसतो. वेळ रोज बदलणं हे खेळ कापण्याइतकंच जीवघेणं आहे आणि त्यावर कुणी मोर्चा काढत नाही. मग गुरुवारी आठवडा संपतो. दुसऱ्या आठवड्यात नवा शुक्रवार येतो. यंदा २५ जुलैला 'महावतार नरसिंह' आला, आणि वीस खेळांची वाटणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

आता इथे मला माझ्याच विरुद्ध साक्ष द्यावी लागते. मी वर्षानुवर्षं एक नियम ठोकून सांगत आले: मोठ्या हिंदीसमोर येऊ नका. 'सैयारा' मोठा होता का? नायक नवा, नायिकेचा चेहरा बहुतेकांना अनोळखी, सणाची सुट्टी नाही, जुलैचा पाऊस. जूनमध्ये तारीख बघून कुठल्याही जाणत्या वितरकानं तो आठवडा सुरक्षित म्हटला असता. मीही म्हटला असता. म्हणजे तारीख निवडणाऱ्यांना मी जो दोष देते, तो या वेळी त्यांना लागू होत नाही. त्यांनी माझाच सल्ला पाळला होता.

उलटा दाखलाही आहे. ८ नोव्हेंबर २०१८ला, पाडव्याला, डॉ. काशिनाथ घाणेकरांवरचा सिनेमा 'ठग्ज ऑफ हिंदोस्तान'समोर आला. खेळ मिळवण्यासाठी तेव्हाही भांडण झालं. माझ्या नियमानं तो बुडायला हवा होता. पण हिंदी सिनेमा पहिल्या दिवसानंतर कोसळला, मराठीचं नाव तोंडोतोंडी पसरलं आणि त्याचे खेळ वाढले. १२ नोव्हेंबर २०१५ला तर 'कट्यार काळजात घुसली' आणि 'मुंबई-पुणे-मुंबई २' एकाच दिवशी आले, तेही सलमान खानच्या 'प्रेम रतन धन पायो'समोर. दोन मराठी एकमेकांसमोर आणि वर हिंदी डोंगर. दोन्ही चालले.

तुमच्यातले काही जण हे दाखले माझ्या तोंडावर मारतात, आणि ते बरोबर करतात. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ला, ऐन आयपीएलमध्ये आला. 'दशावतार' यंदा पितृपक्षात आला, त्याच दिवशी आणखी दोन मराठी सिनेमे, तेलुगू 'मिराय' आणि जपानी 'डेमन स्लेयर' होते, पुढच्या शुक्रवारी 'जॉली एलएलबी ३'. तरीही दिलीप प्रभावळकरांना बघायला लोक तिसऱ्या आठवड्यातही जात राहिले. पितृपक्षात सिनेमा लावू नये हा नियम मी स्वतः किती वेळा सांगितलाय. तो आता मागे घेते. पंचांगामुळे लोक घरी बसतात ही समजूत बहुधा आपणच पोसली.

पण 'दशावतार' चालला म्हणून १२ सप्टेंबर ही तारीख बरोबर होती, असं मी मानणार नाही. त्या दिवशी लागलेले बाकीचे दोन सिनेमे विसरू नका. त्यांचे कलाकार ओळखीचे होते, त्यांचाही प्रेक्षक होता. तीन आठवड्यांत तीन सिनेमे आले असते तर एका घरानं तिन्ही बघितले असते. एका आठवड्यात एक घर एकच बघतं, कारण पाच जणांची तिकिटं, येण्या-जाण्याचं भाडं आणि मध्यंतरातलं खाणं धरलं तर मल्टिप्लेक्सची एक फेरी दीड-दोन हजारांची होते.

'चांगला सिनेमा आपली वाट काढतोच' हे वाक्य एके काळी मीही म्हणायचे. त्यात वेळेचा हिशोब नाही. वाट काढायला बारा दिवस लागत असतील आणि मिळत असतील तीन, तर चांगुलपणाचं काय करायचं?

पैशाचा हिशोबही सांगते, कारण 'एवढे लोक बघतात तरी तोटा कसा' असंही तुम्ही विचारता. तिकीट १८० रुपयांचं धरा. १०० रुपयांवरच्या तिकिटाला जीएसटी १८ टक्के, म्हणजे त्यातले २७ रुपये ४६ पैसे सरकारचे. उरले १५२ रुपये ५४ पैसे. २००९च्या निर्माते-मल्टिप्लेक्स संपानंतर जे वाटप ठरलं त्यानुसार पहिल्या आठवड्यात वितरकाकडे ५० टक्के येतात, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यापासून ३०. तेव्हा पहिल्या आठवड्यात ७६ रुपये २७ पैसे. वितरक १० टक्के कमिशनवर असेल तर निर्मात्याच्या हाती ६८ रुपये ६४ पैसे. यातून डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क वेगळं जातं, ते सध्या बाजूला ठेवू.

सिनेमा तीन कोटींत झाला आणि प्रसिद्धीवर एक कोटी गेले असं समजा. चार कोटी फक्त तिकिटांतून काढायचे तर सुमारे ५ लाख ८३ हजार तिकिटं विकली पाहिजेत. आता १५० थिएटरांत रोज एक खेळ मिळाला, प्रत्येक ऑडी अडीचशेची आणि सातही दिवस एकूण एक खुर्ची भरली, तरी आठवड्याची तिकिटं होतात २ लाख ६२ हजार ५००. निम्मीही नाहीत. रोज दोन खेळ आणि सगळे हाऊसफुल्ल, तरी सव्वापाच लाख. म्हणून एका खेळावर लागलेला सिनेमा हाऊसफुल्लच्या पाट्या लावूनही तोट्यात जातो. आणि दुसऱ्या आठवड्यात, जेव्हा तोंडी प्रसिद्धीचा प्रेक्षक येऊ लागतो, तेव्हा तिकिटातला वाटाही ७६वरून ६४ रुपये ८३ पैशांवर आलेला असतो. उशिरा येणारा प्रेक्षक हा निर्मात्याला कमी देणारा प्रेक्षक आहे.

गेल्या महिन्यात, २२ सप्टेंबरपासून, १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आला. तालुक्याच्या एकपडदा थिएटरला याचा उपयोग होईल. शहरातल्या मल्टिप्लेक्समध्ये शनिवार-रविवारी शंभराच्या आतलं तिकीट शोधून सापडत नाही, त्यामुळे वरचा हिशोब तसाच राहतो.

निर्माते मग याच तारखा का घेतात? त्यांना कळत नाही असं तुम्हीच नव्हे, मीही बोलून बसलेय, आणि ते अन्यायाचं होतं. कर्जावर व्याज चालू असतं. मुख्य कलाकार मालिकेत किंवा नाटकाच्या दौऱ्यात अडकलेला असतो आणि प्रसिद्धीसाठी त्याच्याकडे ठराविक दहा दिवस असतात. वाहिनी किंवा ओटीटी आधी थिएटरमधली कमाई दाखवा म्हणते, मग किमतीचं बोलू. अशा वेळी सुट्टीची तारीख सोडून साध्या शुक्रवारी यायचं धाडस सांगायला सोपं आहे. दिवाळीत निदान लोक घराबाहेर तरी पडतात. हे मला पटतं. पटतं आणि तरीही यादी बघून मन खट्टू होतं. दोन्ही खरं आहे.

पण एका गोष्टीत मी सवलत देणार नाही, ती म्हणजे उशीर. तारीख जाहीर होते तेव्हा पुष्कळदा सिनेमा पूर्ण नसतो. मिक्सिंग चालू, रंगसंस्कार चालू, सेन्सॉरचा अर्ज शेवटच्या क्षणी. थिएटरात दाखवायच्या ट्रेलरलाही वेगळं प्रमाणपत्र लागतं. ते वेळेत नसेल तर तो चालत्या मराठी सिनेमाला जोडता येत नाही. दिवाळीच्या सिनेमासाठी यंदा सर्वात मोलाची जाहिरात होती 'दशावतार'च्या आधीची अडीच मिनिटं. मराठी सिनेमाला पैसे मोजून आलेलं कुटुंब अंधारात समोर बसलेलं असतं. ज्याचा प्रमाणित ट्रेलर १२ सप्टेंबरला तयार नव्हता, त्यानं ती संधी घालवली. नंतर कितीही होर्डिंग लावा, तो प्रेक्षक एका जागी असा पुन्हा मिळत नाही.

उशिराचा दुसरा फटका पहिल्या दिवशी बसतो. सिनेमा थिएटरकडे डिजिटल स्वरूपात, कुलूपबंद जातो आणि त्याची किल्ली, म्हणजे केडीएम, वेगळी पाठवतात. ही किल्ली त्या एका सर्व्हरसाठी आणि ठरलेल्या तारीख-वेळेपुरतीच चालते. थिएटरनं मधल्या काळात सर्व्हर किंवा त्यातलं मीडिया ब्लॉक (कुलूप उघडून सिनेमा पडद्यावर चालवणारा भाग) बदललं असेल आणि वितरकाकडची नोंद जुनीच असेल, तर किल्ली लागत नाही. वेळेची खिडकी शुक्रवारी दुपारी १२पासून लिहिली गेली आणि पहिला खेळ १०.१५चा असला, तरी लागत नाही. प्रत गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोचून सर्व्हरवर चढली, तर रात्री दोन मिनिटं चालवून बघता येते आणि चूक सापडते. शुक्रवारी सकाळी नऊला चढत असेल तर चूक प्रेक्षकांसमोर सापडते. खेळ रद्द, पैसे परत. अशा रद्द खेळाची नोंद त्या रात्रीच्या तक्त्यात शून्य अशी जाते. कारण लिहायला तिथे रकाना नसतो. पहिल्या दिवसाच्या आकड्यावर शनिवारचे खेळ ठरतात हे वर सांगितलंच.

सरकारनं काही केलं नाही का, असंही विचारता. एप्रिल २०१५मध्ये मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवण्याची सक्ती जाहीर झाली. आधी ही वेळ संध्याकाळी ६ ते ९ होती. विरोध झाला आणि ती दुपारी १२ ते रात्री ९ झाली. म्हणजे मंगळवारी दुपारी १२.०५चा खेळ हाही प्राइम टाइम. तेव्हा मी या सक्तीच्या बाजूनं भांडले होते. आज मला वाटतं की वेळेपेक्षा मुदत मागायला हवी होती: लागलेला खेळ पहिले सात दिवस त्याच वेळी, त्याच ऑडीत राहील, एवढंच. मग शुक्रवारी वीस माणसं आली तरी रविवारच्या दीडशेंना जागा राहिली असती. पण याला थिएटरवाला म्हणेल, सात दिवस रिकाम्या ऑडीचं वीजबिल कोण भरणार? त्याचंही माझ्याकडे उत्तर नाही. त्याची बरीच कमाई खाण्याच्या काउंटरवर असते, आणि रिकाम्या ऑडीतून कुणी समोसे घ्यायला येत नाही.

आता दिवाळीचं. २१ तारीख मंगळवार आहे. म्हणजे पहिला आठवडा सात दिवसांचा न राहता गुरुवार, ३० ऑक्टोबरपर्यंत दहा दिवसांचा होईल, आणि मला या यादीत दिलासा वाटावा अशी हीच एक गोष्ट दिसते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मराठी घरातून कुणी निघत नाही, त्यामुळे मंगळवारचे संध्याकाळचे आकडे पडलेले असणार. त्यावरून काही ठरवलं गेलं तर ते चूक होईल. खरा अंदाज पाडव्याच्या आणि भाऊबीजेच्या दुपारी येतो, २२ आणि २३ला. भाऊबीजेला बहीण-भावांची कुटुंबं एकत्र असतात आणि जेवणं आटोपली की चारच्या खेळाला निघतात. त्या दिवशी चारचा खेळ हातात असणं फार मोलाचं आहे.

तुम्हाला जायचंच असेल तर तिकीट आदल्या दिवशी काढा, खिडकीवर जाऊन काढलंत तरी चालेल. रविवारी संध्याकाळी काढलेली पाच तिकिटं सोमवारच्या बैठकीत मोजली जातात. पण शनिवारी सकाळपर्यंत विकलेली पाच तिकिटं शनिवारचा खेळ वाचवू शकतात. खेळ दिसला नाही तर मॅनेजरला भेटून विचारा आणि कुठल्या वेळेला आला असतात तेही सांगा. तक्त्यात रकाना नसला तरी माणसाला कान असतात, आणि दहा जणांनी एकच वेळ सांगितली तर ती लक्षात राहते.

३१ तारखेला दुसरा मराठी सिनेमा येईल, तेव्हा दिवाळीच्या सिनेमाचे किती खेळ राहतात हे २७ ते २९ ऑक्टोबरच्या फोनांवर ठरेल. मराठीच्या वाट्याचे तेच तीन खेळ असतील आणि मागायला दोघे असतील. दोघांनाही ते मिळावेत असं मला मनापासून वाटतं, आणि कसे मिळतील ते मला दिसत नाही.